अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि दुधाची पेढी

सातव्या महिन्यात जन्मलेले मूल जगते, आठव्यातले मात्र हाती लागत नाही, असा एक समज आपल्या भागातील जुन्या पिढीच्या तोंडून अजूनही ऐकू येतो. वैद्यकशास्त्र याच्या नेमके उलट सांगते. आईच्या उदरात जितके दिवस अधिक, तितकी बाळाच्या जगण्याची शक्यता अधिक. समज चुकीचा असला तरी त्यामागची धास्ती मात्र खरी आहे. २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे १ कोटी ३४ लाख बालके सदतीस आठवडे पूर्ण होण्यापूर्वीच जन्मली आणि त्यांपैकी ३० लाखांहून अधिक एकट्या भारतातील होती. पांढुर्णा, सावरगाव, सौंसर या आपल्या पट्ट्यातील क्वचितच एखादे मोठे कुटुंब असे असेल की ज्यात कधी तरी अपुऱ्या दिवसांचे बाळ जन्मले नाही.

या बाळांसाठी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पुष्कळ काही झाले. ज्याला आपण साध्या भाषेत 'काचेची पेटी' म्हणतो ती आली, श्वासाची यंत्रे आली, अपरिपक्व फुप्फुसे उघडी ठेवणारे औषध आले. एक किलो वजनाचे बाळ पेटीतून हसतखेळत घरी जाते, हे आता नवल राहिलेले नाही. परंतु या सगळ्या यंत्रसामग्रीच्या गर्दीत एक अगदी घरगुती प्रश्न मागे पडतो, आणि तो असा की, या बाळाच्या पोटात पहिल्या काही दिवसांत जाते काय?

पुष्कळदा याचे उत्तर 'डब्याचे दूध' असे असते. आईला अजून पान्हा फुटलेला नाही, आई दुसऱ्या गावी आहे, आईचे सिझेरियन झाले आहे, अशी कारणे सांगितली जातात आणि डबा उघडला जातो. पूर्ण दिवसांच्या धडधाकट बाळाने एखाद्या वेळी वरचे दूध घेतले, तर त्याचे आतडे ते कसेबसे निभावून नेते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे आतडे कच्चे असते. त्याचे आवरण पातळ, रक्तपुरवठा नाजूक आणि रोगजंतूंना अडविणारी व्यवस्था अपुरी असते. अशा आतड्याला सूज येऊन त्याचा काही भाग सडू लागण्याचा एक भयंकर आजार आहे. त्याचे नाव नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस. पोट फुगते, हिरवट ओकारी होते, शौचातून रक्त जाते आणि काही तासांत बाळ हातचे जाऊ शकते. जे वाचते त्याच्यावर पुष्कळदा शस्त्रक्रिया करावी लागते. इंग्लंडमधील ल्यूकस आणि कोल यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात केवळ डब्याच्या दुधावर ठेवलेल्या अकाली जन्मलेल्या बालकांत हा आजार केवळ मातेच्या दुधावरील बालकांपेक्षा सहा ते दहा पट अधिक आढळला होता. पुढे झालेल्या चाचण्यांचा कॉक्रेन संस्थेने एकत्रित आढावा घेतला. त्यात असे दिसले की, आईचे स्वतःचे दूध पुरेसे नसताना दुसऱ्या मातेचे दूध देण्याऐवजी डब्याचे दूध दिल्यास या आजाराचा धोका जवळजवळ दुपटीने वाढतो.

त्याच आढाव्यातील दुसरा निष्कर्ष मी येथे मुद्दाम नोंदवितो, कारण तो आपल्याला अडचणीचा आहे. डब्याच्या दुधावर बाळाचे वजन, लांबी आणि डोक्याचा घेर अधिक वेगाने वाढतो. सकाळच्या फेरीत वजनाचा आकडा पाहून डॉक्टर समाधानी होतात, आजी-आजोबा समाधानी होतात, आणि डब्याला नकळत प्रशस्तिपत्र मिळते. ज्या बाळाचे आतडे सडले त्याची नोंद मात्र वेगळ्या कागदावर, वेगळ्या शीर्षकाखाली होते. हे दोन कागद शेजारी ठेवून पाहण्याची सवय आपल्या व्यवसायात फारशी नाही.

आता प्रमाणाविषयी थोडे, कारण 'एवढे दूध आणायचे कुठून?' हा पहिला आक्षेप असतो. एक किलो वजनाच्या बाळाला सुरुवातीच्या दिवसात दूध द्यायचे ते आतड्याला सवय लावण्यापुरते, म्हणजे चोवीस तासांत अवघे १० ते २० मिलिलिटर. घरातल्या लहान चमच्याने मोजले तर दिवसभरात दोन ते चार चमचे! बाकीचे पोषण शिरेतून मिळते. पुढे ते हळूहळू वाढवीत पूर्ण आहारावर आणले, तरी दिवसाला दर किलो वजनामागे १५० ते १८० मिलिलिटर पुरते. पहिल्या दोन दिवसांत आईच्या स्तनातून निघणारा घट्ट पिवळसर चीक चमचाभरच असतो आणि बाळाची गरजही चमचाभरच असते. निसर्गाने हा हिशेब जुळवून ठेवला आहे. आपल्याकडे काही घरांत हाच चीक 'जड' म्हणून पिळून टाकतात आणि बाळाला मध किंवा घुटी चाटवतात, ही गोष्ट वेगळी.

ज्या बाळाला स्वतःच्या आईचे दूध मिळत नाही त्याला दुसऱ्या आईचे द्यावे, ही कल्पना नवी नाही. आपल्या आयुर्वेदाच्या संहितांत धात्रीची, म्हणजे बाळाला दूध पाजण्यासाठी नेमलेल्या स्त्रीची, निवड कशी करावी याचे सविस्तर वर्णन आहे. यशोदा आणि कृत्तिका यांच्या कथा तर घरोघरी ठाऊक आहेत. त्या धात्रीला संस्थेचे रूप युरोपात मिळाले. व्हिएन्ना येथे १९०९ मध्ये थिओडोर एशेरिख यांच्या पुढाकाराने पहिली दुधाची पेढी सुरू झाली. ज्यांच्या नावावरून आपण 'ई. कोलाय' हे जंतूचे नाव रोज उच्चारतो, तेच हे बालरोगतज्ज्ञ. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी संयुक्तपणे सांगितले की, आईला पाजणे शक्य नसेल तेव्हा पहिला पर्याय दुसऱ्या मातेच्या दुधाचा असावा. पण त्याच दशकात एच.आय.व्ही.ची भीती पसरली आणि पाश्चात्य देशांतील अनेक पेढ्या बंद पडल्या.

नेमक्या त्याच पडत्या काळात मुंबईत एक पेढी उघडली. सायनच्या लोकमान्य टिळक महापालिका सर्वसाधारण रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९८९ रोजी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 'स्नेहा' नावाची मातृदुग्धपेढी सुरू केली. ती आशिया खंडातील पहिली मानली जाते. हे रुग्णालय धारावीच्या शेजारचे. येथे येणाऱ्या बाळंतिणी गरीब घरांतील, नवजात कक्षात खाटांपेक्षा बाळे अधिक आणि जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू ही रोजची चिंता. अशा ठिकाणी महागडी यंत्रे आणण्याआधी फर्नांडिस यांनी दोन साध्या गोष्टी केल्या. नवजात कक्षाचे दार आयांसाठी उघडले आणि डब्याचे दूध कक्षाबाहेर ठेवले. पेढी ही त्या दोन गोष्टींनंतर आली, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. पुढे त्या याच रुग्णालयाच्या अधिष्ठाता झाल्या, आणि पेढीचे काम डॉ. जयश्री मोंडकर यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी नेटाने वाढविले. देशात नंतर निघालेल्या अनेक पेढ्यांनी आपले पहिले धडे सायनमध्येच गिरविले.

पेढीचे काम कसे चालते, हे समाजबांधवांसाठी थोडक्यात सांगतो. दाती माता म्हणजे स्वतःच्या बाळाचे पोट भरून ज्या मातेचे दूध उरते ती. तिची लेखी संमती घेतात, प्रकृतीची विचारपूस करतात, एच.आय.व्ही., हिपॅटायटिस बी आणि सिफिलिस यांसाठी रक्त तपासतात. तंबाखू खाणारी किंवा काही विशिष्ट औषधे घेणारी माता दाती होऊ शकत नाही. हाताने किंवा पंपाने काढलेले दूध निर्जंतुक भांड्यात गोळा करून ६२.५ अंश सेल्सिअस तापमानाला तीस मिनिटे ठेवतात आणि झटकन थंड करतात. त्यातील नमुन्याची जंतुतपासणी होते. एकही जंतू वाढला तर ते सारे दूध फेकून देतात. निर्दोष ठरलेले दूध उणे २० अंशांवर गोठवून काही महिने ठेवता येते. एच.आय.व्ही.चा विषाणू या तापमानात टिकत नाही. त्यामुळे ज्या भीतीने पेढ्या बंद पडल्या होत्या, त्या भीतीला आता शास्त्रीय आधार उरलेला नाही.

आणि तरीही, पांढुर्ण्यात दुधाची पेढी उभारा अशी मागणी उद्या कोणी केली, तर मी तिच्या बाजूने हात वर करणार नाही. याचे आश्चर्य वाटेल, म्हणून कारणे सांगतो.

पहिले कारण शास्त्रीय आहे. तापविलेले दूध डब्याच्या दुधापेक्षा कितीही उजवे असले, तरी ते आईच्या ताज्या दुधाची बरोबरी करीत नाही. उष्णतेने त्यातील जिवंत पेशी मरतात, चरबी पचविणारे विकर नष्ट होते, संरक्षक प्रथिने बऱ्याच अंशी घटतात. शिवाय दाती माता बहुधा पूर्ण दिवसांची बाळंतीण असते आणि अपुऱ्या दिवसांत बाळंत झालेल्या आईच्या दुधात पहिल्या काही आठवड्यांत प्रथिने अधिक असतात. म्हणजे या बाळासाठी जे दूध खास घडले आहे, ते त्याच्याच आईकडे असते.

दुसरे कारण व्यवहारातले. पेढीतील तयार बाटली हाताशी असली की, आईचे दूध काढण्याचे कष्ट कोणी घेत नाही. परिचारिकेला बाटली सोपी, डॉक्टरला आदेश सोपा, नातेवाइकांना वाट पाहणे नको. आईचा पान्हा मात्र मागणीवर चालतो. प्रसूतीनंतर पहिल्या काही तासांतच दूध काढायला सुरुवात करून पुढे दिवसातून आठ-दहा वेळा, त्यातही रात्री किमान एकदा, ते काढत राहिले नाही तर दहा-बारा दिवसांत ते आटू लागते. मग खरोखरच 'आईला दूध नाही' अशी स्थिती येते.

तिसरे कारण आपल्या भूगोलाचे आहे आणि माझ्या मते तेच सर्वांत मोठे. आपल्याकडे अपुऱ्या दिवसांचे बाळ जन्मले की, ते नागपूरला किंवा छिंदवाड्याला रवाना होते. रुग्णवाहिकेत बाळ, बाप आणि आजी. आई मागे राहते, कारण तिला टाके आहेत, तिचा रक्तदाब वाढलेला आहे किंवा 'तिथे बाईमाणसाची सोय नाही'. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिचे स्तन दगडासारखे दाटतात, ताप भरतो. कोणी शेक सांगते, कोणी घट्ट बांधायला सांगते, कोणी पिळून टाकायला. अशा कित्येक बाळंतिणी मी तपासल्या आहेत. तिचे दूध इथे मोरीत वाहून जाते आणि त्याच क्षणी शंभर किलोमीटरवर तिच्या बाळासाठी डबा उघडला जातो. या मातेला पेढीची गरज नाही. तिला एक निर्जंतुक भांडे, दूध काढायला शिकविणारी एक समंजस परिचारिका आणि ते दूध नागपूरपर्यंत पोहोचविणारा एक माणूस हवा आहे.

केंद्र सरकारने २०१७ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत हीच उतरंड सांगितली आहे. दात्या मातांचे दूध गोळा करून त्यावर प्रक्रिया करणारी सर्वसमावेशक केंद्रे मोठ्या रुग्णालयांत असावीत. त्याखालच्या, नवजात कक्ष असलेल्या रुग्णालयांत आईचेच दूध काढून, साठवून तिच्याच बाळाला देण्याची सोय असावी. आणि जिथे जिथे प्रसूती होते तिथे निदान स्तनपानासाठी मदत करणारी खोली व माणूस असावे. वैद्यकमित्रांनो, आपल्या प्रसूतिगृहांना यातील तिसऱ्या पायरीसाठी कोणाच्या परवानगीची वा अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.

ब्राझीलचे उदाहरण मला यासाठी आवडते. त्या देशात दोनशेहून अधिक पेढ्यांचे जाळे आहे आणि ते रिओ दी जानेरोच्या ओस्वाल्दो क्रूझ प्रतिष्ठानातून चालते. पण त्यांची खरी करामत इमारतींत नाही. खास बाटल्या परवडत नाहीत म्हणून कॉफीच्या रिकाम्या काचेच्या बरण्या, प्लास्टिकच्या झाकणाच्या, निर्जंतुक करून वापरल्या. काही शहरांत घरोघरचे दूध गोळा करायला अग्निशमन दलाचे जवान जातात. आपल्याकडे पोलिओच्या मोहिमेत बर्फाच्या पिशव्या घातलेला लसीचा डबा गावोगावी आणि शेताच्या बांधापर्यंत गेला. लसीच्या डब्यात दूध ठेवू नये, हे खरे. पण तसाच वेगळा डबा दुधासाठी ठेवायला अडचण कोणती? ताजे काढलेले दूध बाहेर चार तास आणि शीतकपाटात एक दिवस ठेवणे ही सावध मर्यादा आहे. मे महिन्यातील आपल्या उन्हात ते बाहेर तेवढेही ठेवू नये, पण बर्फाच्या डब्यात नागपूरचा दोन तासांचा प्रवास ते सहज करू शकते. रोज सकाळी आपल्या भागातून संत्र्यांच्या गाड्या, विद्यार्थी, नोकरदार नागपूरला जातातच.

गोटमारीच्या दिवशी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जाम नदीच्या दोन्ही काठांवर, पांढुर्ण्याकडे आणि सावरगावकडे, वैद्यकीय तंबू उभे राहतात. डॉक्टर, औषधे, टाके घालायचे साहित्य, रुग्णवाहिका सारे सज्ज असते. फुटलेल्या डोक्यांसाठी एवढी शिस्तबद्ध व्यवस्था आपण दरवर्षी करतो. म्हणजे व्यवस्था करणे आपल्याला जमत नाही, असे कोणी म्हणू नये.

दुसऱ्या मातेच्या दुधाविषयी घरच्यांना वाटणाऱ्या शंकांची टिंगल करण्याचा मोह तरुण डॉक्टरांना होतो, तो त्यांनी टाळावा. 'कोन्या घरची बाई हाय?' असे आजी विचारते, तेव्हा त्यात जातीचा प्रश्न असतो, हे उघड आहे. मी एवढेच विचारतो, 'आजी, डब्यातल्या दुधाची गाय कोन्या घरची होती?' बहुतेक वेळा आजी हसते आणि प्रश्न तिथेच मिटतो. रक्तपेढीच्या बाबतीत हीच शंका आपल्या आजोबांच्या पिढीने काढली होती, आज ती कोणी काढीत नाही. मुस्लिम कुटुंबांची अडचण मात्र निराळी आहे आणि ती आदराने समजून घ्यावी लागते. एकाच स्त्रीचे दूध प्यायलेली मुले भावंडे ठरतात आणि त्यांचा आपसात विवाह होत नाही, असा त्यांचा धर्मनियम आहे. अनेक मातांचे दूध एकत्र मिसळणारी पेढी त्यांना म्हणून खटकते. तिथेही आईचेच दूध आईच्याच बाळाला पोहोचविणे हा पहिला मार्ग कोणालाच खटकत नाही, आणि जिथे पेढीचे दूध घ्यावेच लागेल तिथे एका बाळासाठी एकाच दातीचे दूध, नोंदीसह, देता येते.

पैशाचा प्रश्न उरतो. दूध उरते ते पुष्कळदा गरीब मातेचे, आणि विकत घेण्याची ऐपत असते दुसऱ्याच घरात. हे दोन टोक बाजाराने जोडले की काय होते, ते कंबोडियात दिसले. तेथील गरीब स्त्रियांचे दूध विकत घेऊन अमेरिकेत पाठविले जात होते. २०१७ मध्ये त्या देशाच्या सरकारने त्यावर बंदी घातली. आपल्याकडेही मातेच्या दुधाची विक्री सुरू झाली होती. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२१ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये स्पष्ट केले की, मानवी दुधावर प्रक्रिया करून ते विकण्यास कायद्यात परवानगी नाही. दान स्वेच्छेने, विनामूल्य, आणि रुग्णालयातील नवजात बाळांसाठीच. ही भूमिका मला पूर्णतः मान्य आहे. दुधाला भाव आला की, पहिला भुर्दंड त्या मातेच्या स्वतःच्या बाळाला बसतो.

आणि कायद्याचाच विषय निघाला आहे, तर आपल्याच अंगणात डोकावू या. शिशुदुग्ध पर्यायांसंबंधीचा १९९२ चा कायदा, २००३ मध्ये अधिक कडक झालेला, डब्याच्या दुधाची जाहिरात तर मना करतोच, पण डॉक्टरांना आणि डॉक्टरांच्या संस्थांना अशा कंपन्यांनी परिषदा, चर्चासत्रे, स्पर्धा, शिष्यवृत्त्या यांसाठी पैसे देण्यासही मनाई करतो. आपली मंडळे आणि आपल्या स्मरणिका प्रायोजकांच्या आधारावर उभ्या असतात, हे मला ठाऊक आहे. संपादक मंडळाने रागावू नये. जाहिरातींची पाने गोळा करताना हे कलम एकदा वाचून घ्यावे, एवढीच विनंती आहे.

मग मंडळाने करावे काय? माझ्या मते तीन गोष्टी या वर्षातच होऊ शकतात. आपल्या प्रत्येक प्रसूतिगृहातील एका परिचारिकेने हाताने दूध काढण्याचे प्रशिक्षण घ्यावे. हाताने काढायला यंत्र लागत नाही, आणि पहिल्या दोन दिवसांचा चीक तर पंपापेक्षा बोटांनीच चांगला निघतो. बाळाला नागपूरला धाडताना शक्य असेल तिथे आईलाही सोबत धाडावे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, ज्यात आपला देशही सहभागी होता, कमी वजनाचे बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मतःच आईच्या छातीशी ठेवल्यास मृत्यूंचे प्रमाण चतुर्थांशाने घटते, असे दिसून आले. आई जवळ असणे हाच उपचार आहे, तिची 'सोय' नव्हे. बाळ पाठविताना आपण जी चिठ्ठी देतो तिच्यावर प्राणवायू, सलाइन, प्रतिजैविके यांच्या नोंदी असतात. तिथे एक ओळ वाढवावी. आईचे दूध काढायला कधी सुरुवात केली, किती निघाले आणि ते कोणाबरोबर येत आहे?

तिसरी गोष्ट त्या डब्याची. बाळाच्या आईचे नाव, तारीख आणि दूध काढल्याची वेळ लिहिलेल्या चिकटपट्ट्या, झाकणाची निर्जंतुक भांडी, बर्फाच्या पिशव्या आणि एक डबा. मंडळाने असे चार डबे घ्यावेत, दोन पांढुर्ण्यात, एक सावरगावात, एक सौंसरला. नागपूरच्या ज्या रुग्णालयांत आपली बाळे जातात तेथील नवजात कक्षांशी आधी बोलून, ते बाहेरून आलेले दूध कोणत्या अटींवर स्वीकारतील, हे लेखी ठरवून घ्यावे. रोज सकाळी कोण जाणार याची यादी करण्याचे काम मी घ्यायला तयार आहे. डब्यांचा खर्च मंडळाने उचलावा.